घरातील करमणूक : रेडिओपासून मोबाइलपर्यंत

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीससाहेबांनी मला विषय दिला होता 'मोबाइलचे दुष्परिणाम'. मी त्यांना विनंती केली की, यातला 'दुष्परिणाम' हा शब्द तेवढा काढून टाका. कारण असे की, माझ्या लहानपणापासून मी अशा मेळाव्यांना हजर राहत आलो आहे आणि 'सिनेमाचे दुष्परिणाम', 'रेडिओवरील गाण्यांचे दुष्परिणाम', पुढे 'व्हिडिओचे दुष्परिणाम' ही सर्व भाषणे मी पुढच्या रांगेत बसून ऐकलेली आहेत. भाषण संपले की वक्त्यासह आम्ही सर्वजण घरी जात होतो आणि रेडिओ लावीत होतो. तेव्हा आज थोडे वेगळे बोलण्याचा प्रयत्न करतो. मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहे आणि ज्या चुकीविषयी बोलणार आहे ती माझी स्वतःची आहे.

आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे. तो माजघराच्या फळीवर, भरतकाम केलेल्या कापडाखाली असे आणि त्याला हात लावण्याचा अधिकार फक्त अब्बांना होता. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानी 'बिनाका गीतमाला' सादर करीत. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम ऐकायला शेजारच्या चार घरांतली माणसे आमच्या पडवीत येत. अब्बा आत असत. गाणी ऐकणे त्यांना पसंत नव्हते, पण आवाज जरा मोठा करा, असे सांगायला ते कधी विसरत नसत.

या कार्यक्रमामागची हकीकत आजच्या पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५२ साली केंद्रात नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपल्या महाराष्ट्राचेच विद्वान गृहस्थ. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. म्हणून आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. झाले काय? श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. अखेर १९५७ साली सरकारलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. हेतू चांगला होता, मनुष्य चांगला होता आणि बंदी फसली.

पुढे सत्तरच्या दशकात आपल्या कोकणातील घराघरांतून तरुण मंडळी कुवेत, सौदी, दुबईला गेली. माझे थोरले बंधूही गेले. तिकडून येताना टू-इन-वन आला. त्यावर गाणी ऐकली जात हे खरेच, परंतु माझ्या आईच्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग दुसरा होता. तिला लिहिता येत नव्हते. ती कॅसेटवर बोलत असे. सबंध घर भोवती बसे, कोणी मध्येच हसे, कोंबडा आरवे, आणि ती साठ मिनिटांची कॅसेट कोणा जाणाऱ्याबरोबर कुवेतला जाई. तिकडे भाईच्या खोलीतले आठजण ती ऐकत. करमणुकीचे साधन म्हणून आलेल्या वस्तूचे घरातल्या निरक्षर बाईने काय केले, ते पाहा. वस्तू काय कामाची आहे हे ती बनविणारा पूर्णपणे ठरवीत नसतो.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मामूंच्या चाळीत एकाच खोलीत संच होता आणि रविवारच्या चित्रपटाला तिथे चपला ठेवायला जागा नसे. आमच्या गावात चित्र पोहोचायला पुष्कळ वर्षे गेली. त्याआधी भाड्याचा व्हिडिओ आला, तो रात्रभर चाले. १९८८ मध्ये 'महाभारत' मालिका सुरू झाली, तेव्हा तिचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले आहेत, ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यात आम्ही एकमेकांना जरा अभिमानानेच सांगत होतो. असो.

या सर्व काळात दोन गोष्टी समान होत्या. करमणूक घरात सर्वांसमोर होत असे आणि ती संपत असे. रेडिओचे प्रसारण संपे, कॅसेटची फीत संपे, रात्री दूरदर्शनचे कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या दिसू लागत. मग कोणी न सांगता माणसे उठत, अंथरुणे घातली जात. झोपायची वेळ झाली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलून दाखवावे लागत नसे. ते काम यंत्रच करीत होते. आपण मात्र समजत होतो की, आपल्या घरात शिस्त आहे!

आता ज्याला स्ट्रीमिंग म्हणतात ते काय आहे, हे थोडक्यात सांगतो, कारण पालकांपैकी अनेकांना वाटते की, चित्रपट मोबाइलमध्ये भरलेला असतो. तसे नाही. शेताला पाटाने पाणी यावे तसा तो येत असतो. मूळ चित्रपटाचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा स्पष्ट, मध्यम, अंधुक अशा अनेक प्रतींत तयार ठेवलेला असतो. फोनला जशी रेंज मिळेल तशी प्रत तो मागवून घेतो. एस.टी. घाटात शिरली की चित्र पुसट होते ते यामुळे. या प्रती सातासमुद्रापलीकडून दर वेळी आणाव्या लागू नयेत म्हणून त्यांचे साठे जवळच्या शहरांतील यंत्रांत ठेवलेले असतात. अमेरिकेतील नेटफ्लिक्स ही कंपनी १९९८ साली चित्रपटांच्या तबकड्या टपालाने भाड्याने पाठवीत होती. २००७ पासून तिने हा पाट सोडला. आपल्याकडे २०१५ मध्ये हॉटस्टार, जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनची प्राइम व्हिडिओ सेवा आली. पण खेड्यात खरा फरक पडला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर. पहिले काही महिने डेटा फुकट होता आणि नंतरही तो स्वस्त राहिला.

स्वस्त झाला म्हणजे अमर्याद झाला नाही, आणि येथे मला गणिताच्या शिक्षकाचा अधिकार वापरू द्या. साध्या प्रतीचे चित्र तासभर पाहिले तर सुमारे एक जीबीपर्यंत डेटा लागतो, चांगल्या प्रतीचे पाहिले तर तीन जीबीपर्यंत, असे नेटफ्लिक्स स्वतः सांगते. ज्या घरात रोजचा दीड जीबीचा रिचार्ज आहे आणि एकाच फोनवरून हॉटस्पॉट घेऊन सर्वांचे चालते, त्या घरात मुलाने दुपारी क्रिकेटचा सामना स्पष्ट चित्रात पाहिला की संध्याकाळी मुलीचा रसायनशास्त्राचा पाठ गोल फिरत राहतो. कोणी कोणाला मना केलेले नसते. भांडणसुद्धा होत नाही. पाठ नुसता राहून जातो.

हे मी कल्पनेने सांगत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमच्या गल्लीत तीन भावंडांत एक फोन अशी कितीतरी घरे होती. त्या वर्षी 'टिलीमिली' ही पाठांची मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. दूरदर्शन संच सर्वांसमोर असल्यामुळे ती मुलींनाही पाहता आली. फोनच्या बाबतीत मात्र पहिला मान मुलाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया देशात शंभरांत ३३ आढळल्या आणि पुरुष ५७. ही तफावत केवळ आपल्या समाजाची नाही, सबंध देशाची आहे. पण ती आपल्याकडे नाही, असे म्हणण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही.

दुसरी गोष्ट संपण्याची. आजच्या करमणुकीला शेवट ठेवलेलाच नाही. एक भाग संपायच्या आत पुढचा आपोआप सुरू होतो. रील वर सरकवीत गेले तर तळ लागत नाही. हे ओघाने झालेले नाही, तसे मुद्दाम रचलेले आहे. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली उघडपणे सांगितले होते की, आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. व्यापारी माणूस खरे बोलला म्हणायचे. तेव्हा रात्री एक वाजता मुलाच्या हातात फोन दिसला तर त्याला निर्लज्ज म्हणण्यापूर्वी ध्यानात घ्या की, पलीकडे हुशार माणसांची मोठी फौज पगार घेऊन त्याला जागे ठेवीत आहे.

आणि केवळ मुलालाच नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत तुर्कस्तानच्या टीआरटीची 'एर्तुग्रुल' ही मालिका उर्दूतून यूट्यूबवर आली. आमच्या घरात ती पाहायला मी बसलो तो 'इतिहास आहे, पाहायला हरकत नाही' असे म्हणून. पुढे एका बैठकीत तीन-तीन भाग होऊ लागले. बेगमने जेवायला तीनदा हाका मारल्या तरी मला ऐकू येत नसे.

आता माझ्या चुकीकडे येतो. माझी नात आमच्याकडे राहून शिकली. तिचे आईवडील कतारला असतात. बारावीनंतर तिला बी. फार्मसीला जायचे होते. परीक्षा झाल्यावर ती रात्री उशिरापर्यंत फोन पाहते, असे माझ्या लक्षात आले. एके रात्री मी खोलीत गेलो, तर कानात तार, पडद्यावर कुठलीशी मालिका. मी फोन घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. आठ दिवस. ती म्हणाली, "नाना, प्रवेशाचं काम आहे." मी म्हणालो, "प्रवेशाचं मी बघतो." आईवडिलांशी बोलायचे तेही माझ्या फोनवरून, माझ्यासमोर. त्या आठ दिवसांत ती त्यांच्याशी 'बरी आहे' याखेरीज काही बोलली नाही. मला ते सुधारणेचे लक्षण वाटले.

प्रवेशाच्या अर्जावर नंबर तिचा होता. फेरी लागल्याचा संदेश कपाटात आला. सांकेतिक अंकही त्याच कपाटात येणार. ज्या महाविद्यालयाचे नाव तिने पहिले लिहिले होते तेथे तिला जागा मिळाली होती आणि ती स्वीकारायची मुदत मी कपाट उघडले त्याच्या आदल्या दिवशी संपली होती. पुढच्या फेरीत दुसरीकडे प्रवेश मिळाला, जाऊन-येऊन रोज साडेतीन तास एस.टी.ने. ती आज तिसऱ्या वर्षाला आहे. तिने त्याबद्दल मला एक शब्द ऐकवलेला नाही. मी मात्र रोज सकाळी पावणेसहाला तिला स्टँडवर पोहोचवायला जातो.

पुष्कळ दिवसांनी मी स्वतःला विचारले की, त्याच काळात माझा नातूही रात्री जागत होता, त्याचा फोन मी का घेतला नाही? याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपण सर्वांसाठी म्हणून नियम करतो आणि तो मुलीवर लागू होतो, कारण ती ऐकते.

या संदर्भात केरळमधील एक निकाल सांगतो. कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करण्याचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. अभ्यासासाठी इंटरनेट लागते आणि ते मिळणे हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तिला परत घेण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या विद्यार्थिनींना त्रास होऊ नये एवढी जबाबदारी मात्र तिच्यावर ठेवली. ती मुलगी आपल्यासारख्याच घरातली होती.

याचा अर्थ मुलांच्या हाती फोन देऊन मोकळे व्हावे, असा कोणी काढू नये. रात्रीची झोप गेली की सकाळचा अभ्यास जातो, हे मी वर्गात डोळ्यांनी पाहिले आहे. पहिली-दुसरीच्या पोरांना जेवताना फोन देणाऱ्या मातांशी माझे भांडण आहेच. पण पूर्वी जे काम पडद्यावरच्या मुंग्या करीत होत्या ते आता घराला स्वतः करावे लागेल. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय फोनमध्ये बंद करता येते. ती मुलांकडून शिकून घ्या, त्यांना ठाऊक असते. चित्र साध्या प्रतीवर ठेवले तर डेटा दुपटीने पुरतो. आठवड्यातून एक चित्रपट मोठ्या पडद्यावर सर्वांनी मिळून पाहा, मग तो कोणी निवडायचा यावर भांडण झाले तरी चालेल. आणि फोनच्या वाटणीत अभ्यासाचा तास आधी, मग तो मुलाचा असो की मुलीचा.

आमच्या घरचा नियम नातीने लिहून माजघरात लावला आहे. जिथे रेडिओ असे त्याच फळीवर रात्री साडेदहाला सर्वांनी फोन ठेवायचे. परीक्षेचे आणि प्रवेशाचे दिवस वगळून. पहिला फोन नानांचा, असे तिने त्यात ठळक अक्षरांत लिहिले आहे. आठवड्यातून दोनदा तरी हा नियम मोडतो, आणि मोडणारा बहुतेक वेळा मीच असतो.