परीस आणि कच्चे मडके

(मंदिर-जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेले व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार झाला, की भाविकांची नजर पहिल्यांदा जाते ती कळसाकडे. उन्हात झळाळणारा कळस पाहून मन प्रसन्न होते, आणि ते व्हावेच. पण कळस झळाळला म्हणून त्याखाली हात जोडणाऱ्या माणसाचे काळीजही झळाळले, असे होत नाही. धातूचे सोने करणे ही एक विद्या आणि माणसाचे सोने करणे ही दुसरी. या दोन विद्यांचे नाते आपल्या देशात फार जुने आहे.

आपल्याकडील रससिद्धांनी पाऱ्यावर करावयाचे अठरा संस्कार सांगितले आहेत. त्यांत स्वेदन म्हणजे वाफारणे आहे, मर्दन म्हणजे खलात घोटणे आहे, मूर्च्छन आहे, उत्थापन आहे, पातन आहे. हे सारे सोसल्यावर शेवटी वेध येतो. म्हणजे त्या रसाने हलक्या धातूचे सोने करावयाचे. आणि त्यानंतरचा, अगदी शेवटचा संस्कार देहासाठी. जो रस धातूवर सिद्ध ठरला तोच देहावर सिद्ध ठरेल, असा त्यांचा सिद्धान्त. म्हणजे सोने ही नुसती परीक्षा होती. खरे उद्दिष्ट होते ते माणूस पालटणे.

आजचे विज्ञान सांगते, की लोखंडाच्या अणूत २६ प्रोटॉन असतात, सोन्याच्या अणूत ७९ आणि पाऱ्याच्या अणूत ८०. भट्टी कितीही पेटवली तरी हा आकडा बदलत नाही. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करून पाऱ्यापासून सोने केले खरे, परंतु ते किरणोत्सर्गी होते, टिकणारे नव्हते. भट्टीतले सोने स्वप्नच राहिले. मग त्या जुन्या विद्येचे मोल काय? तिचे मोल संतांनी ओळखले. त्यांनी भट्टी बाहेर न मांडता अंतःकरणात मांडली.

महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तिविजयात परिसा भागवतांची कथा येते. त्यांच्या घरी परीस होता. त्यांच्या पत्नीने तो मैत्रिणीला, म्हणजे नामदेवांच्या राजाईला, दिला. घरात दारिद्र्य, राजाईने लोखंडाला परीस लावला आणि सोने झाले. नामदेवांना हे कळताच त्यांनी तो परीस चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत संतापून आले, तेव्हा नामदेवांनी नदीत हात घालून ओंजळभर खडे काढले, आणि ते सारेच परीस निघाले! ज्याची दृष्टी पालटली त्याला वाळवंटातला खडाही परीसच. मग एकच खडा गाठीला बांधून ठेवायचा कशाला?

पण नामदेवांची ही दृष्टी जन्मजात नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईंनी थापटणे पाहून विचारले, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के हे पाहण्यासाठी, असे काकांनी सांगितले. तर मग आमचीही परीक्षा करा, असे त्या म्हणाल्या. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. सारे शांत बसले. रागावले ते एकटे नामदेव. काकांनी निवाडा दिला, एवढे मडके कच्चे आहे.

ज्याच्याशी प्रत्यक्ष देव बोलतो असे लोक म्हणत, तो भक्त कच्चा कसा? थापटणे डोक्यावर पडले, पण दुखावला तो अहंकार. देव माझा आहे, एवढे त्यांना समजले होते. देव सर्वांचा आहे, हे अजून काळजात उतरले नव्हते. पुढे विसोबा खेचरांनी ते उतरवले. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ठेवीत गेले, आणि जिथे ठेवावे तिथे पिंडच उभी राहिली.

हे मडके पुरते भाजले गेल्याची खूण मंगळवेढ्यास दिसते. तेथे १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता ते ढासळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यात अनेक मजुरांची हाडे मिसळलेली. परंपरा सांगते, की नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी नेली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या गोळा केल्या आणि पंढरीस महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. ज्याची सावलीही लोक टाळीत, त्याच्या अस्थी कानाशी धरणे, याला म्हणतात काळजाने विचार करणे. हिशेब करणारे डोके इथवर पोचत नाही.

तरीही समाधी दाराबाहेरच राहिली. चोखोबांचे अभंग गावोगावच्या भजनांत रंगत होते, आणि त्यांच्या जातीची माणसे मात्र राऊळाबाहेर उभी होती. सहाशे वर्षे ओठांना पाठ असलेले काळजात उतरले नाही. अखेर साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून माणसांची मने जागी केली आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरास उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. गुरुजींनी कुणावर हात उगारला नाही, स्वतःला आंचेवर ठेवले. परिसाची खरी रीत हीच.

परीस लोखंडाचे सोने करतो, पण त्याला परीस करीत नाही. संत मात्र दुसऱ्याला आपल्यासारखेच करतात, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणून नव्या देवळाची परीक्षा कळसावर होणार नाही. पालखीला खांदा कोणाकोणाचा लागतो, पहिल्या पंगतीत कोण बसते, पायरीशी थबकलेल्या म्हातारीचा हात धरून तिला गाभाऱ्यापर्यंत कोण नेते, यावर ती होईल. दगड-चुन्याचा जीर्णोद्धार गवंड्यांनी केला. काळजाचा जीर्णोद्धार ज्याचा त्याने करावयाचा आहे. आणि त्यासाठी थापटणे आधी आपल्याच डोक्यावर मारून पाहावे लागते.

॥ रामकृष्णहरि ॥