चार टायर, दोनशे लिटर हवा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला "तुझ्या कामाबद्दल बोल" असं सांगितलं होतं. माझं काम सॉफ्टवेअरचं. श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर त्यावर वीस मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरचेच काय, पुढच्या बाकावरचेही झोपतील. तेव्हा मी जीपबद्दल बोलते. त्याला कारणही आहे. माझ्या जीपच्या बॉनेटखालचा फोटो ग्रुपवर टाकल्यापासून आपल्यातले तिघे "आम्हालाही असंच करून दे" म्हणून मागे लागलेत. येत्या उन्हाळ्यात ते आपापल्या गाड्या घेऊन लडाखला निघणार आहेत. त्यांना एकदाच आणि सगळ्यांसमोर उत्तर देते. समोर विज्ञानाच्या बाई बसल्यात, म्हणजे माझं काही चुकलं तर इथल्या इथे कान धरला जाईल.

फोटोत दिसतो तो हवेचा कॉम्प्रेसर. गाडीच्या इंजिनावर चालणारा, घरी बसवलेला.

आधी, तो लागतो कशाला? मऊ वाळू, चिखलाची चढण, सुटे दगड अशा ठिकाणी टायरमधली हवा कमी करावी लागते. रस्त्यावर मी ३० पीएसआय ठेवते, वाळूत १५ वर आणते. टायर बसका होतो, जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, वजन पसरतं आणि चाक रुतायचं थांबतं. उंटाचे तळवे पसरट का असतात हे आपण पाचवीत लिहिलंय, तेच हे. पण तशाच टायरने डांबरी रस्त्यावर वेगात गेलात तर टायरच्या बाजू सतत दुमडत राहतात, तापतात आणि फुटू शकतात. म्हणजे हवा सोडणं दोन मिनिटांचं काम आणि परत भरणं हा खरा प्रश्न, कारण तिथे कोपऱ्यावर पंक्चरवाला नसतो.

आता थोडं गणित. माझे टायर २३५/७५ आर १५ मापाचे. एकात साधारण ५० लिटर जागा. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, आणि मला १५ वरून ३० वर जायचंय, म्हणजे जवळजवळ एक वातावरण वाढवायचंय. म्हणजे बाहेरची ५० लिटर हवा एका टायरात कोंबायची. चार टायर, दोनशे लिटर. बाई, तुम्ही फळ्यावर बॉईलचा नियम लिहून "हा आयुष्यात कुठे वापराल?" असं विचारायचात ना, तो इथे वापरला.

सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे छोटे पंप मिळतात. शहरात स्कूटर-कारला ते ठीक. पण दोनशे लिटर म्हटलं की एका टायरला सहा-सात मिनिटं, मग पंप हाताला चटका बसेल इतका तापतो, त्याला निववत बसा, मग पुढचा टायर. पाच गाड्या असल्या की अंधार पडतो.

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर मात्र मुळातच दांडगा असतो. मी जो वापरलाय तो एका फेऱ्यात १३८ घनसेंटिमीटर गॅस ओढतो. मिनिटाला १,५०० फेरे धरले तर कागदावर २०७ लिटर. प्रत्यक्षात गळती आणि उष्णता यांत बरंच जातं. निम्मं हाती लागलं असं धरा, तरी अर्ध्या मिनिटात एक टायर. शिवाय एसीत त्याला १५ बारच्या आसपास दाब सोसायची सवय असते. आपण मागतोय फक्त ७ बार. माझी जीप जुनी, बिनएसीची, त्यामुळे इंजिनाशेजारी जागा मोकळीच होती. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरून वापरलेला कॉम्प्रेसर आणला. दुकानदाराने माझ्या मागे बघत "साहेब आले नाहीत का?" असं विचारलं. मी म्हटलं, साहेब घरी कुकर लावतायत. खरंच लावत होते.

बसवण्यातलं सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे ब्रॅकेट. कॉम्प्रेसरची पुली आणि इंजिनाची पुली एका रेषेत नसली की पट्टा कडेने कातरत जातो. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग प्लायवूडचा, आणि ते दोन्ही नीट बसल्यावर १० मिलिमीटरची लोखंडी पट्टी. वेल्डरकाका म्हणाले, "मॅडम, पुठ्ठ्यावर एवढा वेळ?" पण पुठ्ठा कात्रीने कापता येतो, लोखंडाला ग्राइंडर लागतो. तीन रविवार पुठ्ठ्यावर गेले आणि लोखंड पहिल्या खेपेला बसलं.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एसीच्या कॉम्प्रेसरला तेल मिळतं ते गॅसबरोबर फिरणारं. आपण गॅस काढून नुसती हवा फिरवली की ते तेल हवेबरोबर निघून जातं, परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जॅम होतो. म्हणून हवा आत जाते त्या नळीवर मी थेंबथेंब तेल सोडणारा ल्युब्रिकेटर लावलाय. कारखान्यांत हवेवर चालणाऱ्या हत्यारांना असतो तोच. भोसरीच्या औद्योगिक भागात सहज मिळतो. तेलसुद्धा बदललं. एसीचं नेहमीचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपण तर कोकणातली पावसाळी हवा ओढणार! साधं कॉम्प्रेसरचं खनिज तेल घातलं. मग बाहेर पडणाऱ्या हवेतलं तेल गाळायला सेपरेटर, कारण तेल टायरच्या रबराला चांगलं नाही.

दुसरी गोष्ट उष्णता. सायकलच्या पंपाचं बूड हाताला गरम लागायचं, आठवतंय? तिथे दाब किती, तर दोन-तीन बार. ३० अंशांची हवा एका दमात ७ बारपर्यंत दाबली आणि उष्णता कुठेच गेली नाही, तर हिशेबाने ती पावणेतीनशे अंशांपर्यंत जाते. प्रत्यक्षात कमी, कारण धातू थोडी उष्णता खातो. पण कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बागेची रबरी नळी लावायची नाही हे समजायला एवढं पुरे. माझ्याकडे तिथे तांब्याच्या नळीची वेटोळी आहेत, हवा त्यातून निवते, मग पितळी एकमार्गी व्हॉल्व्ह, मग टाकी.

टाकीबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. तिघांपैकी एकाने मला घरगुती गॅसच्या जुन्या सिलिंडरचा फोटो पाठवलाय, "ही चालेल का?" एकाच्या मुलाने पीव्हीसी पाइपला दोन्हीकडून टोपणं लावायची आयडिया काढलीय. दोन्हींना उत्तर: नाही. १० लिटरच्या टाकीत ७ बार हवा असते तेव्हा ती एकदम सुटली तर साठ किलोच्या माणसाला पंधरा मीटर उंच, म्हणजे आपल्या शाळेच्या गच्चीच्याही वर उचलण्याइतकी शक्ती तिच्यात असते. पीव्हीसी तडकलं की त्याचे धारदार तुकडे उडतात. सिलिंडर आतून किती गंजलाय ते बाहेरून कळत नाही आणि त्याला भोक पाडून वेल्डिंग करणं हा तर वेगळाच जीवघेणा प्रकार. ट्रक-बसच्या एअरब्रेकच्या टाक्या याच दाबासाठी बनवलेल्या असतात, सुट्या भागांच्या दुकानात नव्या मिळतात. तीच घ्या, तिला वेल्डिंगचा एकही टाका घालू नका, पट्ट्यांनी आवळून बसवा. आणि पहिली चाचणी पाणी भरून करा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही फाटलंच तर पाणी गळतं, स्फोट होत नाही.

७० पीएसआयला चालू आणि १०० ला बंद करणारा प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच्या मॅग्नेटिक क्लचला रिलेमार्फत जोडलाय. चावी, डॅशबोर्डवरचं बटण आणि हा स्विच, तिघांचं एकमत असेल तरच क्लच पकडतो. आणि या सगळ्याच्या वर १२० ला उघडणारा स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह, थेट टाकीवर. मला ऑफिसात विचारतात, "मायक्रोकंट्रोलर नाही लावलास? मोबाइल अॅप?" नाही. बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय म्हणूनच नाही लावला. स्प्रिंगला अपडेट लागत नाहीत.

आता टाकीविषयी एक गंमत. १०० पीएसआयची भरलेली १० लिटरची टाकी ३० वर येईपर्यंत किती हवा देते? जेमतेम ४८ लिटर. एक टायरसुद्धा पुरता नाही. टायर भरतो कॉम्प्रेसर, टाकी नव्हे. मग टाकी हवी कशाला? ते मला दोन पावसाळ्यांपूर्वी मावळातल्या एका पठारावर नीट कळलं. आम्ही दोन गाड्यांतून पाच जण होतो. मागच्या गाडीचा टायर दगडावर वळताना रिमवरून निसटला. पंक्चर नव्हतं, पण टायरची कडच सुटल्यामुळे हवा भरावी तशी बाहेर. फोनला रेंज नाही, धुकं उतरत होतं, आणि सोबतच्या काकांची रात्रीची मधुमेहाची औषधं खाली मुक्कामाच्या घरी. छोटा पंप अशा वेळी काही कामाचा नाही. तो जेवढी हवा देतो तेवढी फटीतून निघून जाते. गाडी जॅकवर घेतली, कडेचा चिखल धुतला, साबणाचं पाणी लावलं, टायरभोवती सामान बांधायचा पट्टा आवळला, व्हॉल्व्हची पिन काढली आणि टाकीतली हवा एकदम सोडली. पहिल्यांदा नुसतीच फुसफुस. पट्टा आणखी आवळून दुसऱ्यांदा. 'ठप्प' आणि लगेच दुसरं 'ठप्प', टायरच्या दोन्ही कडा रिमवर बसल्या. पट्टा सोडला, पिन लावली, ३० पर्यंत भरला. काका साडेनऊला जेवायला बसले. असं करताना टायरशेजारी कोणीही वाकून उभं राहायचं नाही आणि ४० च्या वर दाब न्यायचा नाही, हे तिघांनीही लिहून घ्या.

आणि लडाखवाल्यांनो, आणखी एक. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या दोन-तृतीयांश. कॉम्प्रेसर तेवढेच फेरे फिरेल, पण प्रत्येक फेऱ्यात हवा कमी भरेल. इथे अर्धं मिनिट लागतं तिथे पाऊण मिनिट, पाऊण म्हणता म्हणता एक लागेल. बिघडलं म्हणून उघडत बसू नका. उलट इथे भरलेले टायर तिथे मापकावर जास्त दाखवतील, तेव्हा सकाळी थंड टायरवर मोजूनच हवा कमी-जास्त करा.

एकूण खर्च? कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या, वेल्डिंग धरून चौदा हजारांच्या आसपास. वेळ सात रविवार. देखभाल फार नाही: ल्युब्रिकेटरमधलं तेल बघायचं, पट्टा तपासायचा, आणि टाकीच्या तळाचा कॉक उघडून साठलेलं पाणी काढायचं. पावसाळ्यात दर फेरीनंतर, कारण ते पाणीच टाकीला आतून खातं.

तुमच्यासाठी मी करून देणार नाही, पण ब्रॅकेटचा पुठ्ठ्याचा साचा कसा काढायचा ते दाखवीन. तुमच्या गाड्यांना एसी आहे, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्रेसरला जागा शोधण्यापासून सुरुवात. येत्या रविवारी सकाळी आठला या, येताना पुठ्ठा आणि कात्री आणा. जीप आज मैदानात पिंपळाखाली उभी आहे, नळी सहा मीटरची आहे. येताना पार्किंगमध्ये पाहिलं, निदान चार गाड्यांचे मागचे टायर बसलेत. चहा झाला की घेऊन या.