ठेवलेले सापडावे म्हणून

(ट्रस्टच्या प्रौढ संगणक वर्गाच्या नव्या तुकडीच्या प्रारंभी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापड बाजारात उभे आयुष्य घालविलेला व्यापारी एवढीच माझी ओळख. मागील तुकड्यांना शिकविण्यास हातभार लावण्याचे काम माझ्याकडे आले, ते बहुधा मी आपल्याच वयाचा असल्यामुळे. त्या अनुभवातून बनलेले एक मत आज मांडण्याची अनुज्ञा घेतो. प्रौढ माणसाला संगणक शिकवावयाचा तर आरंभ टंकलेखनापासून करू नये, चित्रे रंगविण्यापासून तर मुळीच करू नये. वस्तू कोठे ठेवायची आणि ठेवलेली परत कशी काढायची, येथून आरंभ करावा.

आपल्या राज्याने संगणक साक्षरतेच्या बाबतीत पुष्कळ लवकर पाऊल उचलले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि २००२ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्याच्या गावी केंद्रे निघाली. तरुणांनी तो नोकरीसाठी केला, शासकीय कर्मचाऱ्यांनी सेवेची अट म्हणून केला. दुकानाच्या गादीवर बसणारा माणूस किंवा घर सांभाळणारी गृहिणी तिकडे सहसा फिरकली नाही, कारण त्यांना ना नोकरी मिळवायची होती ना पदोन्नती. पुढे २०१७ मध्ये केंद्र शासनाचे प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आले. ग्रामीण कुटुंबातील एका व्यक्तीस २० तासांचे प्रशिक्षण, वयाची मर्यादा १४ ते ६०. मार्च २०२४ मध्ये ते संपले. उपक्रम चांगला होता, परंतु शहरात राहणारा किंवा साठी ओलांडलेला माणूस त्याच्या चौकटीत बसत नव्हता. आज या सभागृहात बसलेले आपण बहुतेक जण चौकटीबाहेरचेच आहोत.

आणि निकड मात्र आपल्यालाच अधिक. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून व्यापाऱ्याचा हिशेब कागदावरून पडद्यावर गेला. कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि ती संगणकावर असतील तर त्यांची दुसरी प्रत राखणे नियमानेच बंधनकारक आहे. पोर्टलवर विवरणपत्रे ७ वर्षांपर्यंतच पाहावयास मिळतील, असेही सप्टेंबर २०२४ मध्ये कळविण्यात आले. व्यापाऱ्यांच्या अडचणी पाहून जुनी विवरणपत्रे नंतर तात्पुरती पुन्हा दाखविली, ही गोष्ट निराळी. तात्पर्य, सरकारच्या कपाटात आपला कागद कायम राहील या भरवशावर बसता येत नाही. पूर्वी दिवाळीला नव्या चोपडीचे पूजन झाले, की जुनी चोपडी लाल फडक्यात बांधून माळ्यावर जात असे. ती कोणत्या कोपऱ्यात आहे हे मालकाला अंधारातही ठाऊक असे. आज विचारले तर उत्तर मिळते, "कॉम्प्युटरवर आहे. मुलाला विचारतो."

हे "मुलाला विचारतो" केवळ दुकानापुरते असते तर मी एवढ्या आग्रहाने बोललो नसतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच बाजारातील एका सद्गृहस्थांचे अकस्मात निधन झाले. अत्यंत व्यवस्थित माणूस. विम्याचे कागद, ठेवींच्या पावत्या, घराचे खरेदीखत, सर्व काही स्कॅन करून संगणकात ठेवलेले होते. परंतु कोठे, ते त्यांच्या पत्नीस माहीत नव्हते, आणि त्या माउलीने संगणकाला कधी हातही लावलेला नव्हता. मुले परगावी. महिनोन्‌महिने शोध चालला. बँकेत १० वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात. त्यांचा शोध घेता यावा म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे पोर्टल सुरू केले. अशा सोयीची गरज पडते, यावरूनच घरोघरी काय घडत असेल याची कल्पना यावी. भगिनींना माझी विशेष विनंती आहे. हा वर्ग आपण नातवंडांचे फोटो पाहण्यासाठी अवश्य करा, पण घराचे कागद आपल्या हाती राहावेत म्हणूनही करा.

आता शिकविण्याविषयी थोडे. फोल्डर म्हणजे काय, हे मी कधी व्याख्येने सांगत नाही. दुकानात बाहेरगावाहून गाठी येतात, त्या ओट्यावर उतरतात. ओट्यावर माल विकता येत नाही. गाठ फोडून ताके वेगळे होतात, चिठ्ठी लागते, मग सुती इकडच्या फळीवर, रेशमी तिकडच्या फळीवर. संगणकातील 'डाउनलोड' नावाचा फोल्डर हा असा ओटा आहे. आपल्या मंडळींच्या संगणकात चार-चार वर्षांचा माल त्या ओट्यावरच पडून असतो आणि मग संगणकात काही सापडत नाही अशी तक्रार होते. एका तुकडीत फोल्डरच्या आत फोल्डर ही कल्पना काही केल्या पटेना, तेव्हा एका भगिनीने ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, हा तर लग्नाचा बस्ता!" मोठ्या बस्त्यात मानाच्या साड्यांचे गाठोडे वेगळे, त्यात आत्याची, मामीची, मावशीची घडी वेगळी, आणि प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. त्या दिवसापासून मी तेच उदाहरण देतो.

कापडवाल्यांना 'कट' या शब्दाची मात्र धास्ती वाटते. कात्री एकदा चालली की ताका पूर्ववत होत नाही, हे हाडात मुरलेले असते. संगणकात 'कट' केलेली फाइल दुसऱ्या जागी 'पेस्ट' करीपर्यंत मूळ जागीच असते, आणि 'कॉपी' केल्यास मूळ तसेच राहून दुसरी प्रत तयार होते. हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिले की भीती जाते. खरा धोका दुसरीकडे आहे. संगणकातील फाइल पुसली तर ती बहुधा रिसायकल बिनमध्ये सापडते, पेन ड्राइव्हवरची पुसली तर ती तेथे जात नाही. आणखी एक फसगत वारंवार पाहिली. पडद्यावरील ज्या चित्राच्या कोपऱ्यात लहानसा बाण असतो, ती फाइल नसते, फाइलकडे नेणारा केवळ रस्ता असतो. पुष्कळ जण तेच चित्र पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि तेथे काहीच उघडत नाही. मी सांगतो, हे नमुन्याचे कात्रण आहे. कात्रण खिशात घालून नेले म्हणजे ताका नेला असे होत नाही.

आपल्या समाजाला तर ही विद्या परकी वाटण्याचे कारणच नाही. ग्रंथ जतन करून ठेवणे हे आपल्या पूर्वजांनी धर्मकार्य मानले. ताडपत्रावरील पोथीच्या मधोमध छिद्र असे, त्यातून दोरी ओवून पाने एकत्र ठेवीत. इंग्रजीतील 'फाइल' हा शब्दही दोऱ्यावरूनच आला आहे, दोरीत किंवा तारेत ओवलेले कागद. आपल्या दुकानात बिले तारेच्या आकड्यात ओवून ठेवीत असत, तीच ही कल्पना. पुढे कागद आला, दोरीची गरज राहिली नाही, तरीही जैन हस्तलिखितांत पानाच्या मध्यभागी ते वर्तुळ रंगाने काढण्याची प्रथा कित्येक वर्षे चालू राहिली. आज अनेक ठिकाणी 'जतन करा' या खुणेसाठी फ्लॉपीचे चित्र दिसते, आणि ज्यांनी फ्लॉपी कधी पाहिली नाही ती मुलेही ते दाबतात. आपण विद्यार्थी या गोष्टीवर हसतो, पण खूण लक्षात राहते.

मात्र पोथी बासनात बांधून ठेवली म्हणजे काम संपत नाही. कोणत्या भांडारात कोणता ग्रंथ आहे, हे कळल्याखेरीज ती असून नसल्यासारखीच. प्रा. ह. दा. वेलणकर यांनी जैन ग्रंथ व ग्रंथकारांची अकारविल्हे सूची 'जिनरत्नकोश' या नावाने सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ती १९४४ साली प्रसिद्ध केली. सूचीचे महत्त्व याहून वेगळे सांगावे लागू नये.

तरुण मंडळी यावर म्हणतात, "काका, एवढी मांडणी कशाला? नाव टाइप करा, संगणक शोधून देतो." देतो, नाही असे नाही. पण ज्या फाइलचे नाव 'स्कॅन ००१७' आहे ती कोणत्या नावाने शोधणार? आपल्याकडे तर आणखी एक गंमत आहे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या फाइलींवर 'अहमदनगर', कोठे नुसते 'नगर', कोठे इंग्रजी अक्षरांत. नवे नाव टाकून शोधले तर जुना कागद पुढे येत नाही. म्हणून फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय असे लिहावे. महिना दोन अंकी लिहावा, म्हणजे एप्रिलसाठी '०४'. असे केल्याने कागद आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात, चोपडीतील नोंदींसारखे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरांत केलेल्या फाइली, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या की अगम्य चिन्हे दिसतात. जुन्या स्मरणिकांचे काम केलेल्यांना हे मी सांगावयास नको.

शिकविणाऱ्या तरुण स्वयंसेवकांना एकच सांगणे आहे. विद्यार्थ्याच्या हातातील माऊस घेऊ नका. घरी प्रत्येकाने "आजोबा, तुम्ही हात लावू नका" हे पुष्कळ ऐकलेले आहे. येथे ते ऐकू येता कामा नये. दोनदा टिचकी मारणे थरथरत्या बोटांना जमत नाही, तेव्हा माऊसच्या सेटिंगमध्ये तिचा वेग कमी करून ठेवा, दोन मिनिटांचे काम आहे. एकाला एका तासात एकच फोल्डर करता आला, तर तेवढाच होऊ द्या. आणि विद्यार्थ्यांच्या बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी कोणत्याही कारणाने विचारू नका, त्यांनी आपण होऊन सांगितला तरी ऐकू नका.

पहिल्या पाठासाठी येत्या रविवारी प्रत्येकाने एक पेन ड्राइव्ह आणि घरातील पाच कागदांची यादी आणावी. मूळ कागद आणू नयेत, यादीच आणावी. कागदाचे नाव, तो कोणाच्या नावावर आहे आणि सध्या घरात कोठे ठेवलेला आहे, एवढे तीन रकाने पुरेत. ज्या दांपत्यांनी मिळून नावे दिली आहेत, त्यांनी याद्या स्वतंत्र लिहाव्यात, एकमेकांस न विचारता. त्या दोन याद्या समोरासमोर ठेवूनच आपण पहिला फोल्डर तयार करणार आहोत.