सगळे परत आलेले गाव

इंग्लंडमधल्या कुठल्याही खेड्यात जा, चर्चच्या आवारात नाहीतर गावच्या चौकात एक दगडी स्तंभ दिसतोच. महायुद्धांत कामी आलेल्या गावकऱ्यांची नावे त्यावर कोरलेली असतात. एकाच आडनावाची दोन-तीन नावे दिसली, की ते सख्खे भाऊ असतील का, असे मनात येते.

माझी लेक आणि जावई ऑक्सफर्डला असतात. एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना आणि नातीला कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत दिवसभर हिंडवले. तिथली घरे मधाच्या रंगाच्या दगडांची. बायबरीला आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ पाहिली. चौदाव्या शतकातले हे लोकरीचे कोठार. सतराव्या शतकात त्यात विणकरांची घरे झाली. आज लोक त्यांची छायाचित्रे काढायला रांग लावतात.

दुपारी लोअर स्लॉटरहून अप्पर स्लॉटरला नदीकाठच्या पायवाटेने निघालो. अंतर मैलभर. स्लॉटर म्हणजे कत्तल! पत्नी म्हणाली, "अहो, हे कसलं मेलं नाव!" जावई हसला. "अम्मी, हा जुना इंग्रजी शब्द आहे. अर्थ चिखलाची जागा."

मित्रहो, नाव असे, पण पहिल्या महायुद्धात या अप्पर स्लॉटरमधून जे गेले, ते सगळे परत आले. दुसऱ्यातूनही सगळे परतले. १९४४ साली गावावर आगलावे बॉम्ब पडले, तरी कुणी दगावले नाही. अशा गावांना तिकडे 'थँकफुल व्हिलेज', म्हणजे कृतज्ञ गाव म्हणतात. नातीने विचारले, "नाना, मग इथे तो खांब नाही?" मी म्हणालो, "नाही बेटा. इथल्या लाकडी पाटीवर युद्धावर जाऊन परत आलेल्यांची नावं आहेत."

हजारो खेड्यांच्या त्या मुलखात पहिल्या महायुद्धातून सगळी माणसे परत आलेली गावे सुमारे पन्नास. दोन्ही युद्धांतून सगळे परतले अशी त्याहून कितीतरी कमी. माणसे घरी परतणे ही इतकी दुर्मीळ गोष्ट, की तिला वेगळे नाव द्यावे लागले!

त्याच पहिल्या महायुद्धात आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान परतले नाहीत. तिथे आजही घराघरांतून मुले फौजेत जातात. त्यांच्या शौर्याचे पोवाडे आपण जरूर गावेत. पण उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आईला विचारा. तिला पोवाडा नको असतो, पोर हवे असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)