झाडावरचा कागद

मी सॉफ्टवेअरवाला. न वाचता ‘ओके’ दाबणाऱ्यांना रोज नावं ठेवतो. पण आमच्या मोहल्ल्यातल्या कडुनिंबावर चिकटवलेला कागद मी स्वतःच क्लासची जाहिरात समजून सोडून दिला. करवत आली तेव्हा कळलं, ती नोटीस होती.

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी १९७५ चा वृक्ष कायदा आहे. परवानगीआधी झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लावावी लागते, ती आपण हरकत घ्यावी म्हणूनच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. म्हणून हरकतीत पहिला प्रश्न विचारा: वय किती धरलं, आणि कसं मोजलं? हरकत लेखी द्या, पोच घ्या. तोंडी भांडण फाइलीत जात नाही.

उशीर काय करतो, ते आरेत दिसलं. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने ती थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती.

आमच्याकडे अजून एक पिंपळ उभा आहे. रविवारी टेप घेऊन त्याचा घेर मोजणार आहे, कोपऱ्यावरच्या चाचांना त्याचं वयही विचारायचंय. दोघं-तिघं या.