उन्हाची वीज : पॅनल कसे ओळखावे, कसे वापरावे



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कशाची टंचाई आहे असे विचारले, तर कुणी पाणी म्हणेल, कुणी वीज म्हणेल. पण ऊन कमी आहे, असे कुणी म्हणणार नाही. घाटावर चिखली-मेहकरकडे जा, की घाटाखाली नांदुरा-शेगावकडे जा. पावसाळा सोडला तर वर्षभर ऊन भरपूर. या उन्हापासून वीज करणारे निळे-काळे पॅनल आता शेताच्या बांधावर दिसतात, घरांवर दिसतात. आपण त्याला सोलरची प्लेट म्हणतो.

हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री-बेरात्री शेतात जाणे म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नको. अंधार, साप-विंचू, रानडुकरे. दिवसा पंप चालला तर हा धोका टळतो. म्हणून लोक सोलर पंप घेतात. चांगलेच आहे. पण घेताना एक गोष्ट विचारायची राहून जाते. हे पॅनल नेमकी किती वीज देईल? आणि कधी कमी देईल? आज त्याचाच विचार करू.

आधी पॅनलच्या आत काय असते ते पाहू. वाळूत सिलिकॉन नावाचा पदार्थ असतो. तो शुद्ध करून त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या करतात. प्रत्येक चकतीच्या दोन बाजूंना दोन निराळे पदार्थ अगदी थोडे मिसळतात. अशा चकतीवर उजेड पडला की तिच्यातले सूक्ष्म विद्युतकण सुटे होतात आणि एकाच दिशेने चालू लागतात. हे चालणे म्हणजेच वीज. यात चाक फिरत नाही, तेल लागत नाही, धूर होत नाही. अशा अनेक चकत्या एकापुढे एक जोडतात, वर जाड काच बसवतात, भोवती चौकट लावतात. झाले पॅनल.

ही युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिलिकॉनची पहिली कामाची चकती तयार झाली. तिच्यावर पडलेल्या उजेडाच्या १०० भागांपैकी फक्त ६ भागांची वीज होत असे. आजच्या चांगल्या पॅनलमध्ये १०० पैकी २१ भागांची होते. उरलेला भाग बहुतेक उष्णता होऊन निघून जातो.

आता पॅनल उलटे करून पाहा. मागे एक पाटी चिकटवलेली असते. तीवर इंग्रजीत मजकूर आणि आकडे असतात. घाबरू नका. त्यांतला एक मोठा आकडा शोधा. समजा, तो ५४५ आहे आणि पुढे वॅट लिहिले आहे. ही त्या पॅनलची ताकद. असे नऊ पॅनल म्हणजे ४,९०५ वॅट. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण एवढे लागतात.

पण मंडळी, हा आकडा कुठे मोजला, ते ध्यानात घ्या. तो कारखान्यात, ठरावीक प्रखर उजेडात मोजलेला असतो. त्या वेळी चकतीची उष्णता २५ अंश धरलेली असते. आपल्या शेतात असे कधी असते का? उन्हाळ्यात घाटाखाली पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात तापलेल्या पॅनलच्या आतली चकती तर ६५ अंशांपर्यंत तापते. म्हणून पाटीवरचा आकडा ही पॅनलची रोजची कमाई नव्हे. चांगल्या बैलजोडीने एखाद्या दिवशी जास्त नांगरट केली, म्हणून रोज तेवढीच होईल असे आपण धरत नाही. तसेच हे आहे.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ऊन जितके कडक, तितकी वीज जास्त, असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. चकती २५ अंशांच्या वर साधारण तीन अंश तापली की १०० पैकी एक भाग वीज कमी होते. ६५ अंशांना हिशेब करा. ४० अंश जास्त, म्हणजे सुमारे १३ भाग कमी. ५४५ वॅटचे पॅनल भर उन्हात पावणेपाचशेच्या आसपास येते. उलट, हिवाळ्यातल्या स्वच्छ, थंड दुपारी तेच पॅनल जोरात काम करते. म्हणून पॅनलच्या खालून वारा खेळला पाहिजे. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नये. मागे कडबा, पोती रचून ठेवू नयेत.

मग रोजचा हिशेब कसा धरावा? वीज युनिटमध्ये मोजतात. १,००० वॅट म्हणजे एक किलोवॅट. आपल्या भागात एक किलोवॅटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी जास्त, आभाळ भरले तर बरीच कमी, रात्री शून्य. पॅनल वीज तयार करते, साठवत नाही. साठवायची तर बॅटरी वेगळी लागते.

आता सावलीचे बघा. नऊ पॅनलांपैकी एकाच्या कोपऱ्यावर बाभळीची फांदी आली. कुणी म्हणेल, कोपराच झाकला, काय बिघडले? पण शेतातली चारी आठवा. चारीत एका जागी ढेकूळ पडले की पुढच्या सगळ्या वाफ्यांचे पाणी अडते. चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून विजेचेही तसेच होते. वीज बाजूने वळवण्याची सोय पॅनलमध्ये असते, तरी नुकसान झाकलेल्या भागापेक्षा जास्तच होते. म्हणून जागा ठरवताना सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठे पडते ते स्वतः पाहावे. आजचे रोपटे पाच वर्षांनी झाड होणार, हेही पाहावे.

पॅनलचे तोंड दक्षिणेकडे असावे. वर्षातला बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो. पॅनलला सुमारे २० अंश उतार द्यावा. जिथे उतार बदलायची सोय असते, तिथे हिवाळ्यात पॅनल जास्त उभे करावे आणि उन्हाळ्यात आडवे करावे.

धूळ हा दुसरा चोर. तूर-सोयाबीनची मळणी झाली की काचेवर भुसा आणि धूळ बसते. ती साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसावी. सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना पुसावी. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये, काच तडकू शकते. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातील मंडळींनी एक जास्तीची काळजी घ्यावी. खारे पाणी काचेवर वाळले की पांढरे डाग राहतात आणि उजेड अडतो. शक्य तर गोडे पाणी वापरावे, नाही तर काच लगेच कोरडी पुसावी. पॅनलवर पाय देऊन कधीही चढू नये.

आणि धोका विसरू नका. उजेड आहे तोवर पॅनलमध्ये वीज आहे. पंप बंद केला तरी पॅनलच्या तारांत ती असते. नऊ पॅनल एकामागे एक जोडले की साडेचारशे व्होल्टपर्यंत दाब होतो. एवढा दाब जीव घेऊ शकतो. तुटलेली तार, फुटलेले पॅनल यांना हात लावू नका. पोरांना तिथे खेळू देऊ नका. जाणत्या माणसालाच बोलवा.

काही जण म्हणतात, "मे महिन्यात पंप पाणी कमी देतो, आमची फसवणूक झाली." फसवणूक असेल किंवा नसेलही. उन्हाळ्यात पॅनल तापून वीज कमी देते, हे आपण पाहिले. शिवाय विहिरीचे पाणी खोल जाते. पाणी दुप्पट उंच उचलायचे, तर तेवढ्याच विजेत ते साधारण निम्मेच येणार. मग खरा बिघाड ओळखावा कसा? त्याला उपाय वही. पंपाच्या पेटीवर आकडे दिसतात. महिन्यातून एकदा, स्वच्छ उन्हात, भर दुपारी विजेचा आकडा वहीत लिहावा. सोबत तारीख लिहावी. गेल्या वर्षी याच महिन्यात होता त्याच्या निम्म्यावर आकडा आला, तर समजावे की काही तरी बिघडले आहे. आधी धूळ आणि सावली पाहावी. ती नसेल, तर वही घेऊन तक्रार करावी. तोंडी तक्रार हवेत जाते. वहीतला आकडा सहजासहजी नाकारता येत नाही.

सरकारी योजनांचेही थोडे सांगतो. महाराष्ट्रात २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. तिच्यात शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरायचा. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी विसावा हिस्सा. पाच वर्षांची दुरुस्तीची हमीही त्यात ठेवली आहे. घराच्या छपरासाठी केंद्र सरकारची 'सूर्यघर' योजना त्याच वर्षी सुरू झाली. तिच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान. नियम बदलू शकतात, म्हणून अर्ज करताना विचारून घ्यावे. आणखी एक गोष्ट. छपरावरचे पॅनल गावच्या लाइनला जोडलेले असेल आणि बॅटरी नसेल, तर लाइन गेली की तेही बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये, म्हणून तशी योजना असते. तो बिघाड नव्हे.

चांगले पॅनल २५ वर्षे चालते. इतक्या वर्षांनीही त्याने मूळ ताकदीच्या १०० पैकी सुमारे ८० भाग द्यावेत, अशी हमी कंपन्या सहसा लिहून देतात. पण हमी कागदावर असते. तो कागद कुणी वाचायचा? पूर्वी दुसऱ्याने वाचायचा आणि आपण अंगठा उठवायचा. आता तुम्हांला अक्षर येते, आकडा येतो. म्हणून सही करण्याआधी एवढे करा. पॅनल मोजा. प्रत्येकाच्या मागचा वॅटचा आकडा वाचा. त्यांची बेरीज करा. ती कागदावरच्या आकड्याशी जुळते का, ते पाहा. पाटीवरचा अनुक्रमांक वहीत उतरवा. हमी किती वर्षांची आहे ते वाचा. सगळे जुळले, तरच सही करा.

ऊन फुकट आहे. पॅनल फुकट नाही. आपल्या घामाचा पैसा त्यात आहे. तो वाया जाऊ नये, म्हणून पाटी वाचायची, सावली टाळायची, काच पुसायची आणि वही लिहायची. घरातल्या बायामाणसांनाही हे शिकवा. पेटीवरचा आकडा त्यांनाही वाचता आला पाहिजे. एवढे केले की उन्हाची वीज पुष्कळ वर्षे आपली चाकरी करील.