दादांची फियाट
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



कुर्ल्याच्या कारखान्यात जुळविलेली, लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती माझ्या कैलासवासी वडीलबंधूंची १९५७ सालची गाडी आज पुतण्याच्या अंगणात उभी आहे. तिचे १०८९ सीसीचे एंजिन काढून नव्या गाडीचे बसवावे, असा त्याचा बेत. मी यंत्रज्ञ नव्हे, मॅट्रिक झालेला शाळामास्तर. परंतु गप्प बसवेना.

या गाडीस निराळी चौकट नाही. पत्र्याची कायाच सारा भार वाहते. म्हणून आधी तळाचा पत्रा टोचून पाहावा. गंजल्या कायेत जोरकस एंजिन घातले, तर गिअरबॉक्स व रेडिएटरही बदलणे आले. आणि चारही चाकांचे जुने ड्रम ब्रेक तो वेग आवरणार कसे? शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, ती एंजिनात वा सांगाड्यात मोठा फेरफार नसेल तरच!

“काका, सुटे भाग मिळत नाहीत,” पुतण्या म्हणाला. खरे आहे. पण त्याच कारखान्याच्या पद्मिनीचे एंजिनही १०८९ सीसीचेच. मोडीत धुंडाळल्यास बरेच जुळेल, असे आमचा मिस्त्री सांगतो. परवा जुने एंजिन खोलले. सिलिंडर घासून नवे पिस्टन घालावयाचे ठरले. रंगाविषयी मात्र वहिनींचे व पुतण्याचे अद्याप जमलेले नाही.